जावयाची कात्री

अख्ख्या हॉलसमोर उभी राहून मी सांगितलं होतं, "आमच्या कात्रीबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही." लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या. आता ते आठवलं की मी हातातलं काम टाकून उगाच दुसऱ्या खोलीत जाते.

प्रसंग तसा साधा. नाशिकच्या अंबडला आमच्यासारख्या छोट्या कारखानदारांसाठी एक व्याख्यान ठेवलं होतं. बाहेरच्या देशातून स्वस्त माल येतोय, त्याला तोंड कसं द्यायचं, असा विषय. पुण्याहून एक सल्लागार आले होते, ऐन उकाड्यात कोट घालून. पडद्यावर चित्रं दाखवत ते म्हणाले, भाव पाडून लढायला जाऊ नका, त्यात तुम्हीच आधी मराल. आधी गिऱ्हाइकाचं ऐका, त्याची तक्रार काय आहे ते ऐका. शेजारी हे बसले होते, म्हणजे माझे यजमान. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "आपलं गिऱ्हाईक तर तक्रारच करत नाही." मला कुठलं राहवतंय. मी उठले, माइक पण नको म्हणाले आणि ते वाक्य ठणकावून सांगितलं. सल्लागार जरा थबकले. म्हणाले, "मॅडम, मग एक तर तुम्ही फार नशीबवान आहात, नाहीतर..." आणि पुढचं त्यांनी गिळलं. चहा आला होता.

ते गिळलेलं वाक्य काय होतं, ते पुढे मला माझ्या माहेराने शिकवलं.

आमचा कारखाना म्हणजे अंबडच्या आतल्या रस्त्यावरची एक शेड. सासऱ्यांनी सुरू केली. द्राक्षाच्या बागेत छाटणी करायची कात्री, एवढाच आमचा माल. सासरे स्वतः भट्टीपुढे उभे राहायचे. पातं असं कडक करायचे की हंगाम संपला तरी धार तशीच. त्यांच्यानंतर यांनी धंदा सांभाळला, कात्रीत मात्र सुताचाही बदल केला नाही. मी ऑफिस बघते, म्हणजे फोन, बिलं आणि भांडणं. भांडणं मला चांगली जमतात, असं सगळे म्हणतात.

माझं माहेर दिंडोरीच्या पुढे, द्राक्षाचं गाव. आमच्याकडे जावई एका घराचा नसतो, गावाचा असतो. हे गावात शिरले की पारावरची म्हातारी माणसं उठून जागा देतात, हॉटेलवाला चहाचे पैसे घेत नाही. जावयाला उणा शब्द बोलणं म्हणजे लेकीच्या संसारात माती कालवणं, असं मानणारी माणसं ती. लग्न झालं त्या वर्षी हे कात्र्यांचं एक खोकं घेऊन गेले आणि संध्याकाळपर्यंत ते रिकामं झालं. तेव्हापासून दर छाटणीच्या आधी खोकं जायचं आणि रिकामं होऊन यायचं. शेजारच्या गावांतही माझ्या भावाची सोयरीक पसरलेली, तिकडेही आमचीच कात्री. मी किती मिरवलं असेल त्यावर. दिवाळीला सगळ्या नणंदांसमोर म्हणायचे, "माझ्या माहेराने कारखाना उभा केला." सासूबाई बिचाऱ्या ऐकून घ्यायच्या.

मग ती लाल कात्री आली. चायनाची. मुठीला लाल प्लॅस्टिक, दिसायला खेळण्यासारखी आणि किंमत आमच्या निम्म्याहून कमी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो. पातं इतकं मऊ की यांनी आमच्याच कात्रीने त्यावर ओरखडा काढून दाखवला. पण बघता बघता पिंपळगावचे दुकानदार आमचा माल परत पाठवायला लागले. निफाडकडून फोन यायचे थांबले. शेडमधला एकेक कामगार कमी करावा लागला. जे उरले ते सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांना जा कसं म्हणायचं, या विचाराने हे जेवताना घास हातात धरून बसायचे.

तेवढ्यात शहरातला एक व्यापारी आमची शेड बघून गेला. त्याला गोदाम हवं होतं. भट्टीकडे बोट दाखवून म्हणाला, "हे एवढं काढून टाकावं लागेल." यांनी त्याला दिवाळीनंतर सांगतो म्हटलं. मला माझ्या घरातूनच कुणी बाहेर काढतंय असं वाटलं.

यांनी उपाय काढला. पात्याला हलकं पोलाद वापरायचं, भट्टीचं काम निम्म्यावर आणायचं आणि कात्री लाल कात्रीच्या भावात द्यायची. या छाटणीत जमलं तर जमलं, नाहीतर शेड गोदामाला. सल्लागाराने नेमकं हेच करू नका म्हणून सांगितलं होतं. पण यांचं म्हणणं, "आपल्या मालात खोट नाही, लोक नुसता भाव बघतात. तुझ्या गावात बघ, तिथे माणुसकी आहे म्हणून अजून आपलीच कात्री चालते." मला ते शंभर टक्के पटलं होतं. पटणारच, माझ्या माहेराचं कौतुक होतं ना ते.

दसऱ्याला मी माहेरी गेले. कारखान्यातली पूजा असल्यामुळे हे आले नाहीत. भावाने अंगणात ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली होती, शेजारी पाटावर पांढरं फडकं, आणि त्यावर कात्र्या ओळीने मांडलेल्या. सगळ्या आमच्या. एकेकीला हळदकुंकू, एकेक फूल. माझा ऊर भरून आला. मी फोटो काढला आणि यांना पाठवला. यांनी तो लगेच स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, "शेतकऱ्याच्या देव्हाऱ्यात आमची कात्री." एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी त्याचा फ्लेक्स छापून शेडच्या दारावर लावला.

त्या फोटोतली एक गोष्ट मला पुढे कळली. आम्ही प्रत्येक कात्री तेलाच्या पिवळ्या कागदात गुंडाळून देतो. पाटावरच्या कात्र्यांपैकी एकीच्या सांध्यात त्या कागदाचा तुकडा अजून अडकलेला होता. इतक्या वर्षांची म्हणून पुजलेली कात्री, आणि तिचा कागदसुद्धा निघालेला नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भावाच्या बागेत छाटणी सुरू व्हायची होती. छाटणीला सुरगाण्याकडची टोळी येते. पूर्वी गावातलेच बापे छाटणी करायचे. आता ते सगळे मोटारसायकलवरून कंपनीत जातात, आणि बागा या डोंगरातल्या माणसांवर उभ्या आहेत. टोळीत निम्म्याहून जास्त बायाच. सकाळी ती सगळी अंगणात येऊन बसली. वहिनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको, आतल्या खोलीत गेली आणि तिने पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. मी चहाचा कप घेऊन तिच्या मागेच गेले होते. तिने झाकण उघडलं. आत लाल मुठी होत्या, पेटी भरून.

तिने वर बघितलं. तिचा चेहरा एवढासा झाला. चोरी माझीच पकडली गेली की काय, असं मला वाटलं.

"ताई, चहा गार होतोय तुमचा," ती म्हणाली.

"हे काय आहे?"

"काय नाय ओ. टोळीवाल्यांच्या हायेत."

"आणि तुझ्या पेटीत?"

ती झाकण लावून त्या पेटीवरच बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुम्ही येणार म्हणून पूजेला तुमच्याच मांडल्या. मनात काय वाईट नव्हतं ताई. सणासुदीला तुमचं मन कशाला मोडायचं."

"स्वस्त पडतात म्हणून घेता का?"

"स्वस्त तर हायेतच. पण त्यापायी नाय." आणि मग घाईघाईने, "दाजींना नका सांगू बरं का."

तेवढ्यात भाऊ आत आला. पेटी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि त्याला काय सुचावं? "तुमची कात्री लय मजबूत हाय ताई. तारा कापायला आम्हाला तीच लागते."

कौतुकाने म्हणाला तो. मला हसावं की रडावं कळेना. त्याने मला माळ्यावर नेऊन दाखवलं. आमच्या कात्र्यांची खोकी तिथे तशीच रचलेली होती, दरवर्षीची. जावयाने माल आणला की घ्यायचा आणि माळ्यावर टाकायचा. अख्ख्या गावाने तेच केलं होतं. शेजारच्या घरात आमच्या कात्र्या ताडपत्री उडू नये म्हणून वजनाला ठेवतात, हेही त्याच दिवशी कळलं.

मी चिडले. दुसरं काय येतं मला? म्हटलं, तुम्हाला कामाची सवय राहिली नाही, हात नाजूक झालेत तुमचे, आणा इकडे. माळ्यावरची एक कात्री घेतली, कागद काढला आणि टोळीबरोबर बागेत शिरले. लग्नाआधी याच वेलींच्या मांडवाखाली मी काड्या छाटल्या होत्या. पण आमच्या कारखान्याची कात्री? तिची मी बिलं केली, खोकी भरली, तिच्यापायी दुकानदारांशी कडाकडा भांडले. तिने एक काडी मात्र कधी कापली नव्हती.

पहिल्या काही वेलींना जोर होता. मग मूठ उघडायला लागली की अंगठा ताणला जायचा. स्प्रिंग इतकी ताठ की काडी कापायला कमी आणि कात्री मिटायलाच जास्त ताकद लागत होती. हात वर करून छाटायचं असतं, त्यामुळे वजन सगळं मनगटावर येतं. दोन ओळी संपायच्या आत अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला. मी थांबले नाही. फोड फुटला तेव्हा थांबले. बाजूच्या ओळीतल्या बाया माझ्याकडे बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या, हे मला समजत होतं.

वहिनीने आपल्या हातातली लाल कात्री पुढे केली. मी घेतली. आणि खरं सांगते, हाताला बरं वाटलं. मूठ पंजात मावत होती, वजन जाणवत नव्हतं, काडी टचकन तुटत होती. सवतीच्या घरी जेवायला बसावं आणि तिच्या हातच्या आमटीला चव आहे हे कबूल करावं लागावं, तशी माझी गत झाली. ज्या कात्रीला मी चारचौघांत शिव्या घातल्या तिनेच मी दुपारपर्यंत छाटणी केली. मान खाली घालून केली.

"पातं मऊ असतं तिचं," मी वहिनीला म्हणाले. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून.

"हो ना. वर्षभरात मोडते," वहिनी म्हणाली. "कात्री मोडते ताई, हात मोडत नाय."

अंबडला परतले तर शेडच्या दारावर फ्लेक्स. देव्हाऱ्यात आमची कात्री. हे खुशीत होते, माझी वाट बघत होते. "काय म्हणतंय गाव?" मी म्हटलं, "बरं आहे." हाताला पट्टी होती, तर म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "विळीवर कापलं."

माहेरच्यांना मी मनातल्या मनात भिडस्त, खोटारडे, काय काय म्हणत आले होते. आणि मी काय केलं? एवढी भांडकुदळ बाई, दुकानदाराला फोनवर रडवणारी, नवऱ्यापुढे दोन वाक्यं बोलता येईनात. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. मग ते शेडचं दार उघडताना फ्लेक्सकडे एक नजर टाकायचे आणि मी बिलांच्या फायलीत डोकं घालायचे. सासऱ्यांची कात्री होती ती. तिच्यात खोट आहे असं म्हणायचं म्हणजे भिंतीवरच्या फोटोला बोलल्यासारखं होतं.

हलक्या पोलादाचा नमुना आला. यांनी तो हातात वाकवून बघितला आणि तोंड वाकडं केलं, तरी म्हणाले, "सोमवारी ऑर्डर देऊन टाकतो." तेव्हा मात्र मला धडकी भरली. म्हणजे आता कात्री पहिल्यासारखीच हात फोडणार, आणि वर धारही टिकणार नाही. जे वाईट होतं ते तसंच ठेवून जे चांगलं होतं तेवढं आम्ही काढून टाकणार होतो. मी म्हटलं, "ऑर्डर द्यायच्या आधी एकदा गावाकडे चला. छाटणी चालू आहे, कात्री चालताना बघा तरी." मला वाटलं, यांना बागेत नेलं की झालं, स्वतःच्या डोळ्यांनी बघतील, मला बोलावं लागणार नाही. मूर्खपणा. मी जावयाला घेऊन चालले होते हे मीच विसरले.

गावात फोन आधीच गेला होता. मांडवाखाली खुर्ची मांडलेली, खुर्चीवर नवा टॉवेल. भावाने यांना टोपी घातली, नारळ दिला. आजूबाजूच्या बागांतले चारपाच जण मुद्दाम भेटायला आलेले. आणि टोळीतल्या प्रत्येक बाईच्या हातात आमची कात्री. लाल मूठ औषधालासुद्धा दिसेना.

"कशी चालते कात्री?" यांनी विचारलं.

"एक नंबर, दाजी," भाऊ म्हणाला.

"काही त्रास वगैरे?"

"त्रास कसला, पाव्हणे," शेजारचे काका म्हणाले. "अशी कात्री मिळायची नाय."

यांनी माझ्याकडे वळून बघितलं. बघ, मी म्हणत होतो ना, असं. मग उभे राहिले आणि म्हणाले, "आता हीच कात्री तुम्हाला लाल कात्रीच्या भावात देणार. तुमच्या गावाने आम्हाला जगवलं, ते आम्ही विसरणार नाही." सगळे "वा, वा" म्हणाले. वहिनी जमिनीकडे बघत होती. मांडवाच्या कडेला टोळीतल्या एका बाईने पंजाला चिंधी गुंडाळली होती, यांची नजर तिकडे गेली तसा तिने तो हात लुगड्याआड केला.

"खोटं बोलताय सगळे," मी म्हणाले.

माझा आवाज असा लागला की पलीकडच्या ओळीतली कामंही थांबली. आता थांबणं शक्य नव्हतं. "ही कात्री या गावात कुणी वापरत नाही. माळ्यावर पडून असते. तारा कापतात हिने. हिने छाटलं की हात फुटतो, माझा फुटला. विळीने नाही कापलं माझं. तुम्ही जावई आहात म्हणून तुम्हाला कुणी सांगत नाही, एवढंच आहे. भाव कमी केलात तरी माळ्यावरच जाणार ही."

"ताई, काय हे," भाऊ म्हणाला.

यांनी डोक्यावरची टोपी काढली, नीट घडी केली आणि खिशात ठेवली. रागावले असते तर मी उलट भांडले असते, ते मला जमतं. पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. सासुरवाडीत, गावासमोर, बायकोने माणसाला उघडं पाडलं होतं. आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल ते मी केलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, त्याचा अर्थ मला त्या मांडवाखाली समजला.

"खरं आहे का वहिनी?" त्यांनी विचारलं.

वहिनी वळली, घराकडे गेली आणि ती पत्र्याची पेटी कमरेवर घेऊन आली. त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "दाजी, चुकलं आमचं."

यांनी एक लाल कात्री उचलली. एक काडी तिने कापली, एक आमच्याने. पुन्हा एकदा तसंच. मग खुर्ची सोडून एका उपड्या क्रेटवर बसले आणि म्हणाले, "आता सांगा." मग एकजण चाचरत म्हणाला, स्प्रिंग जरा ताठ हाय. दुसरा म्हणाला, दुपारून जड होते. असं करत करत सगळं निघालं. हे नुसते ऐकत होते, मध्येच हं म्हणत होते. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

परत निघालो. नाशिक आलं, अंबडचा फाटा आला, तेव्हा ते म्हणाले, "घरी सांगता आलं असतं."

एवढंच. आलं असतं. दसऱ्यापासून रोज रात्री शेजारी जेवत होतो, तेव्हा सांगता आलं असतं. एकट्याला सांगायची मला लाज वाटली आणि मग गावादेखत बोलायची वाटली नाही. असला कसला माझा स्वभाव. लोक म्हणतात, बरं झालं बोललीस, कारखाना वाचेल. कारखान्याचं होईल ते होईल. पण त्यांनी टोपीची घडी घातली ती मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स दारावर नव्हता. कुणी काढला मी विचारलं नाही. सोमवारी हलक्या पोलादाची ऑर्डर गेली नाही, तेही मला ऑफिसात बसूनच कळलं. आमचं बोलणं भाजीत मीठ आहे का, गॅस आला का, एवढ्यावर आलं होतं. माझ्या मनात सारखं यायचं की सल्लागाराने ते वाक्य पुरं केलं असतं तर बरं झालं असतं. एक तर तुम्ही नशीबवान आहात, नाहीतर तुम्हाला कुणी खरं सांगत नाही. हॉलमध्ये लाज वाटली असती, पण ती परवडली असती.

मग एका सकाळी मी भाकऱ्यांचं पीठ मळत होते, तर हे स्वयंपाकघरात आले. हातात कागद, पेन्सिल आणि कारखान्यातलं माप घ्यायचं व्हर्नियर.

"हात धू," म्हणाले.

मी धुतला. त्यांनी माझा पंजा ओट्यावर कागदावर ठेवला आणि बोटाबोटांतून पेन्सिल फिरवली. "मूठ मिट." मिटली. "उघड. दुखतं तिथपर्यंत नको." अंगठ्यापासून करंगळीपर्यंत माप घेतलं, बेचक्यातल्या बऱ्या होत आलेल्या जखमेशी जरा थांबले, मग पुढे गेले. लग्नानंतर एवढा वेळ त्यांनी माझा हात हातात धरल्याचं मला आठवत नाही. आणि मला वर बघायचा धीर होत नव्हता.

"बाबांचा हात मोठा होता," ते कागदाकडे बघत म्हणाले. "त्यांनी स्वतःच्या हाताला येईल अशी मूठ केली होती. मी कधी मोजलीच नाही."

पातं तेच ठेवलं, सासऱ्यांचं, भट्टीत कडक केलेलं. मूठ आखूड केली, स्प्रिंग मऊ आणली, दांडा पोखरून वजन उतरवलं. भाव लाल कात्रीपेक्षा जास्तच राहिला. व्यापाऱ्याला यांनी दिवाळी उलटल्यावर सांगितलं की अजून थोडं थांबा. म्हणजे शेड गेली नव्हती आणि राहिलीही नव्हती. कामगारांना सगळं कळत होतं, ते विचारत नव्हते. आमच्याकडे न विचारण्याची, न सांगण्याची पद्धतच पडून गेली होती.

नव्या कात्र्या मी भावाकडे पाठवल्या. मिठाई नाही, खोकं नाही, नुसत्या एका पिशवीत. यांनी सोबत निरोप दिला, "पूजेला मांडू नका. टोळीच्या हातात द्या. आणि जावई मेला असं समजून बोला." मी म्हटलं, अहो असं अभद्र काय बोलता, पण त्यांनी तोच निरोप द्यायला लावला.

मग फोनची वाट. उशिराच्या बागांची छाटणी चालू होती, कात्र्या चालत असणार. पण फोन नाही. शांतता म्हणजे सगळं छान, असं मानून इतकी वर्षं काढली होती. आता त्याच शांततेत मी फोन उचलून चालू आहे ना ते बघायचे. माळा दिसायचा डोळ्यांपुढे. यांनी एकदा विचारलं, "आला का गं फोन?" मी नाही म्हटलं.

दुपारी आम्ही ऑफिसात डबा खात होतो तेव्हा वहिनीचा फोन आला. मी उचलला. ती म्हणाली, "ताई, दाजींना द्या." मला नवल वाटलं. या बाईने लग्न झाल्यापासून यांच्याशी समोरासमोर चार वाक्यं बोललेली नव्हती, जे काय असेल ते माझ्यामार्फत. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"दाजी, राग मानू नका," वहिनी म्हणाली. तेवढं एकच वाक्य हळू होतं. "मूठ चांगली झाली. पण स्प्रिंगीचं काय ते बघा. दुपारून उडून पडतीय. काल सगळ्या बाया मांडवाखाली वाकून स्प्रिंगी हुडकीत होत्या, कामाचा खोळंबा झाला नुसता. आणि कात्री मिटवायचा खटका एकाच बाजूला का केला? आमच्यात दोघी डावऱ्या हायेत. एवढा मोठा कारखाना तुमचा आणि एवढं कळू नये?"

माझे कान तापले. माझं माहेर माझ्या नवऱ्याला झाडत होतं आणि ते शिकवलं मीच होतं. हात आपोआप फोन बंद करायला पुढे गेला. यांनी माझं मनगट धरलं.

"बोला वहिनी," ते म्हणाले. "अजून काय?"

"थांबा, बायांकडेच देते."

फोनवर वाऱ्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं, फोन या हातातून त्या हातात गेला. यांनी डबा बाजूला सारला आणि खुर्ची पुढे ओढली. मग एक अनोळखी, जरा घोगरा आवाज आला.

"ओ कात्रीवाले, ऐकता का?"

"ऐकतोय," हे म्हणाले.